डॅन्यूबकाठच्या बाई

“वाट असतेच. विचारायची लाज वाटते आपल्याला, एवढंच.”

हे म्हणताना बाई चष्मा काढून पदराने पुसायच्या. चष्मा स्वच्छ असला तरी पुसायच्या. स्टाफरूममध्ये कुणी “हे कसं शक्य आहे?” असं म्हटलं, की आम्ही बाकीच्या जणी बाईंच्या नाकाकडे बघायला लागायचो. चष्मा खाली उतरला की समजायचं, आता हे काम होणार.

दुबईतल्या एका भारतीय शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी गणित. नव्वदच्या सुमाराला मी पुण्याहून तिकडे गेले. पहिल्याच दिवशी सवयीने त्यांना ‘बाई’ म्हणून हाक मारली. आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला दुसरं काय म्हणतात? पण आमच्या मल्याळी आणि पंजाबी सहकारी शिक्षिकांना ते त्यांचं नावच वाटलं. मुलं ‘बाई मिस’ म्हणायला लागली. प्रिन्सिपॉलनी तर एकदा नोटीस बोर्डावर ‘मिसेस बाई’ असं लिहिलं. बाईंनी ते दुरुस्त केलं नाही. “राहू दे गं,” म्हणाल्या, “बाई तर आहेच मी.”

आम्ही दोघी शारजात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. शारजात भाडी कमी, म्हणून निम्मी दुबई तिथे झोपायला यायची आणि सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर अडकून पडायची. शाळेच्या मिनीबसमध्ये बाई खिडकीशी आणि मी त्यांच्या शेजारी. त्यांच्या सगळ्या प्रवासांच्या गोष्टी मी त्या ट्रॅफिक जॅममध्ये ऐकल्या. आमचा पठाण ड्रायव्हरही कान देऊन ऐकायचा. बाई मध्येच थांबल्या तर आरशात बघून म्हणायचा, “यल्ला बाई, चलो, फिर क्या हुआ?”

या प्रवासांची सुरुवात सातवीच्या वर्गात झाली. युरोपातल्या नद्या शिकवताना एका मुलीने विचारलं, “मिस, नदीचं पाणी खारट असतं का?” ती मुलगी तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली. त्या देशात नदी नाही. तिने पाणी पाहिलं होतं ते खाडीचं आणि समुद्राचं. बाईंनी समजावून सांगितलं. मग ती म्हणाली, “मिस, हॅव यू सीन द डॅन्यूब?”

“नो.”

“देन हाऊ डू यू नो?”

मुलगी उद्धट नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाई त्या दिवशी बसमध्ये सातवीचं पुस्तक उघडून बसल्या होत्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, “इतकी वर्षं शिकवतेय गं. उगम, लांबी, काठावरची शहरं. आणि एक थेंब पाहिलेला नाही.”

मी म्हटलं, “बाई, तुम्ही वाईच्या. कृष्णाकाठी वाढलात. मुलांना कृष्णेचं सांगा की.”

“कृष्णेबद्दल मी खोटं बोलत नाही. हिच्याबद्दल रोज बोलते.”

आणि त्यांनी चष्मा काढला.

जुलैमध्ये शाळा सुटली की आखाती देशांतली सगळी मराठी कुटुंबं मुंबईच्या विमानात बसायची. आईवडील, सासूसासरे, लग्नं, मुंजी. त्यात दोन आठवडे कापून एकटीने युरोपला जायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला, “घरात कुणाचं काही बिनसलंय का?” दहा वर्षांची लेक रुसून बसली. ही तिकडचीच मुलगी, मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. “आई, व्हाय कान्ट यू बी नॉर्मल?” म्हणाली.

एकट्या काकांनी काही विचारलं नाही. काका म्हणजे बाईंचे यजमान. ते दूर पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला होते. तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी शारजाला यायचे, शुक्रवारी परत जायचे. “मला रोज पाणी दिसतं,” ते म्हणाले, “सुट्टीतही पाणीच बघायला कशाला येऊ? तू जा.” आणि थंडीपावसासाठी त्यांनी आपला बंदरावरचा नारिंगी रेनकोट दिला. चकाकत्या पट्ट्या असलेला, गुडघ्यापर्यंत येणारा.

पहिल्या वर्षी व्हिसा मिळालाच नाही. वकिलातीच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, नवरा बरोबर का नाही? तिथे कोण नातेवाईक आहे? बाई म्हणाल्या, “नदी आहे.” हे त्यांनी खरंच म्हटलं होतं, आणि व्हिसा न मिळण्यात त्या उत्तराचा थोडा वाटा असणार असं मला अजून वाटतं. पुढच्या वर्षी त्या शाळेचं पत्र, काकांची संमती आणि शांत चेहरा घेऊन गेल्या. व्हिसा मिळाला.

नदी बघायची तर उगमापासून, असा त्यांचा हट्ट. म्हणून पहिला मुक्काम जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट. तिथे गेल्यावर कळलं की डॅन्यूबच्या उगमावरून दोन गावांचं भांडण आहे. एका गावात दगडी कठडा बांधलेलं सुंदर कुंड आहे. दुसरं गाव म्हणतं, खरा झरा आमच्या डोंगरात. बाई दोन्हीकडे गेल्या. दुसरीकडे जाताना बस चुकली आणि त्या पावसात, साडीवर नारिंगी रेनकोट चढवून, चढण चढत गेल्या. वाटेत एका गाडीवाल्याने काच खाली करून पुढे रस्ता कधी मोकळा होणार म्हणून विचारलं. त्याला त्या रस्तादुरुस्तीवाल्या वाटल्या होत्या.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“इन्शाल्ला म्हटलं.”

पठाण ड्रायव्हर इतका हसला की मागच्या गाडीने हॉर्न दिला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात नदीचा पुढचा तुकडा. जिथे सोडली तिथूनच पुढे. चाळिशी उलटलेल्या बाई युथ हॉस्टेलमध्ये दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर झोपायच्या, सकाळी गरम पाण्यात मेतकूट-भात कालवून खायच्या. व्हिएन्नात त्या अर्धा दिवस काठावर बसून भारावल्या. मग शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, हा कालवा आहे, खरी नदी जुन्या शहराच्या पलीकडून जाते. “चुकीच्या पाण्याकडे बघून डोळे भरून आले होते माझे,” बाई सांगत होत्या. “पण अश्रू परत थोडेच घेता येतात? खऱ्या नदीपाशी गेले तर डोळे कोरडे ठणठणीत.”

मी एकदा विचारलं, एकटं वाटत नाही का?

“फिरताना नाही वाटत. जेवायला बसलं की वाटतं. समोरची खुर्ची रिकामी असते ना.” मग त्यांनी हंगेरीतल्या एका खेड्यातली गोष्ट सांगितली. एक आजीबाई दारात मटार सोलत बसल्या होत्या. बाई समोरच्या पायरीवर बसल्या आणि सोलायला लागल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. पाटी भरली. आजीबाईंनी आत नेऊन सूप वाढलं आणि स्वतः समोर बसल्या. “मला काही बोलावं लागलं नाही,” बाई म्हणाल्या. “बोलणाऱ्या माणसांत आपण किती एकटे असतो, ते तिथे कळलं.”

शिकवणंही बदललं त्यांचं. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगायच्या. जे पाहिलं नाही त्याबद्दल म्हणायच्या, “हे पुस्तकात आहे, मी पाहिलेलं नाही.” एका पालकाने तक्रार केली की मिसना विषयाची खात्री नाही. बाई म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं.”

हंगेरीच्या खाली मात्र नदी अडली. म्हणजे नदी वाहतच होती, अडल्या त्या बाई. पुढचा देश लढाईत फुटत होता. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी सुचवलं, तेवढा भाग सोडा आणि थेट रुमानिया गाठा. बाईंनी मान हलवली. “नदी तिथे उडी मारत नाही. मी का मारू?”

त्या थांबल्या. वर्षामागून वर्षं थांबल्या. त्या उन्हाळ्यांत आमच्यासारख्याच मुंबईच्या विमानात बसल्या, लग्नांमुंजींना गेल्या, सासूबाईंचं शेवटचं आजारपण काढलं. नव्याण्णव साली टीव्हीवर बॉम्बने कोसळलेले डॅन्यूबवरचे पूल दाखवले तेव्हा आम्ही त्यांच्याच घरी चहा घेत होतो. बाई उठून पडद्याजवळ गेल्या. “बिचारी माणसं कामाला कुठून जात असतील आता?” एवढंच बोलल्या.

तिकडे शांतता झाली आणि इकडे काका पडले. बंदरावर, ड्युटीवर असताना. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढे नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर व्हिसा. तिथला नियम असा, की व्हिसा खलास म्हणजे देश सोडायचा. काकांची फिजिओथेरपी नुकती सुरू झालेली, लेक पुण्याला कॉलेजात. बाईंनी ठरवलं, आपल्या नोकरीवर नवऱ्याचा व्हिसा काढायचा. तेव्हा नवरा बायकोला स्पॉन्सर करायचा, उलटं क्वचितच व्हायचं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, हजबंड स्पॉन्सर्स वाइफ.” बाई म्हणाल्या, “माझं उलटं आहे. त्याची वाट कुठून जाते ते सांगा.” एका काउंटरवरून दुसऱ्यावर, एका ऑफिसातून दुसऱ्यात त्या जात राहिल्या. शिक्षिकांना तशी सवलत मिळू शकते, हे त्यांना शेवटी एका तरुण अरब महिला अधिकाऱ्याने सांगितलं आणि स्वतः उठून सही आणून दिली. बाई तिला शुक्रिया, थँक्यू, शुकरन असं तिन्ही भाषांत म्हणाल्या आणि बाहेर येऊन पायरीवर बसून रडल्या. मी बरोबर होते. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

डॅन्यूबचं नाव मग घरात निघेना. एका संध्याकाळी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले होते. बाई काकांना भरवत होत्या. मी सहज विचारलं, “या सुट्टीत काय?” बाई म्हणाल्या, “काही नाही गं. झालं तेवढं पुष्कळ झालं.”

काकांनी डाव्या हाताने चमचा धरून ताटलीवर आपटला. आम्ही दोघी दचकलो. त्यांचं तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताठल्या. “ज... जा.”

“जा काय? तुम्हाला कोण बघणार?”

काकांनी माझ्याकडे बोट केलं.

“आहेच ना मी,” मी म्हटलं.

“इतक्या महिन्यांत एक शब्द फुटला,” बाई म्हणाल्या, “आणि तोही हुकूम!”

त्या तरी तयार होत नव्हत्या. शेवटी लेकीचा फोन आला. मी सुट्टीत येते, बाबांना मी बघीन, म्हणाली. तीच ती, दहाव्या वर्षी रुसून बसलेली. आल्यावर मला म्हणाली, “लेट हर फिनिश इट, आंटी. शी वेटेड लाँग इनफ.” आणि मग मराठीत, “मीच तेव्हा फार छळलं तिला.”

बाई गेल्या. जिथे सोडली होती तिथूनच. नव्याने उभे राहत असलेले पूल, डोंगर चिरून जाणारी नदी, मग सपाट रुमानिया. शेवटी रस्ताच नाही, बोटीने जायचं. त्या टोकाच्या गावातून त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. लेकीने स्पीकर लावला. आवाज तुटत होता.

“पोचले गं. संपली नदी.” मग नुसती खरखर. “अहो, ऐकताय ना?”

काकांनी घशातून हुंकार दिला.

“कुठे संपली ते कळतच नाही हो. मी बोटवाल्याला सारखी विचारतेय, हा समुद्र का, हा समुद्र का? तो नुसता हसतो. ती संपत नाही, पसरत जाते. तुम्ही असायला हवं होतं.”

रोज पाणी बघणारा तो माणूस डावा हात डोळ्यांवर ठेवून बसला होता.

परत आल्यावर बसमध्ये आम्ही गोष्टींची वाट बघत होतो. ड्रायव्हरने दोनदा “फिर क्या हुआ?” विचारलं. बाई म्हणाल्या, “पोहोंच गये, चाचा.” आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, आता यांना रिकामं रिकामं वाटणार. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ठरवलेलं पूर्ण झालं की खचणारी. पण त्याच आठवड्यात बाईंनी काकांना खुर्चीतून उठवायला घेतलं. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. बाईंनी त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, आभार मानले आणि संध्याकाळी काकांना घेऊन शारजाच्या कॉर्निशवर, म्हणजे खाडीकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, गेल्या. रोज जायला लागल्या.

दोन वर्षांनी ते दोघं वाईला परतले. विमानतळावर व्हीलचेअर आणली होती, काकांनी तिच्यावर सामानाची पिशवी ठेवली आणि काठी टेकत स्वतः चालत आत गेले. वाईला आणखी काही वर्षं मिळाली त्यांना. मग आधी काका गेले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, कुणाला फारसं कळू न देता, बाई.

बसमधली त्यांची जागा, त्या शारजा सोडून गेल्या त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, एका नव्या मिसला मिळाली होती. जॅम तसाच राहिला.

बाई म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर युरोप येत नाही, तो तर मी अजूनही पाहिलेला नाही. मला दिसते ती कॉर्निशवरची एक दमट संध्याकाळ. फिरायला आलेली माणसं बाजूने चाललीत. काका कठड्याला धरून उभे आहेत, पाय थरथरतोय. आणि बाई त्यांच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पुढे पसरून, उलट्या पावलांनी मागे मागे चालल्या आहेत. “या. आणखी एक. या.” मागे काय आहे, कोण येतंय, याकडे त्यांचं लक्ष नाही. माणसंच वळसा घालून त्यांना वाट देताहेत.