गोंगोरदादाची बादली

"गाडी झोपली तरी चालेल, पाणी झोपता कामा नये." गोंगोरदादा हे इतक्यांदा म्हणायचा की त्याची बायको दुलमा त्याने तोंड उघडायच्या आतच वाक्य पुरं करून टाकायची.

चौतीस हिवाळे त्याने गाड्या चालवल्या. आधी मेंढपाळांच्या सहकारी संघाचा ट्रक, मग आमच्या दवाखान्याची जुनी रशियन जीप. त्या काळी इंजिन थंड ठेवायला साधंच पाणी असायचं. थंडी उणे चाळीसपर्यंत उतरली की गाडीत राहिलेलं पाणी रात्रीतून गोठतं, फुगतं आणि रेडिएटर फाडतं. म्हणून संध्याकाळी गाडी उभी केली की ड्रायव्हरने बर्फावर पाठ टेकून खाली शिरायचं, रेडिएटरची आणि इंजिनाची अशा दोन तोट्या उघडायच्या आणि सगळं पाणी बाहेर काढायचं. सकाळी गरम पाणी भरल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. गोंगोरदादाने एकही रात्र चुकवली नाही. आमच्याकडे माणसाची पत त्याच्या घोड्यांवरून ठरते. याची पत न फुटलेल्या रेडिएटरवरून ठरलेली होती.

मग एका शरदात राजधानी उलानबातरहून दवाखान्याला नवी जीप आली. तिच्यात न गोठणारं कूलंट भरलेलं होतं, उन्हाळ्यातल्या आभाळासारखं निळंशार. आमच्या डॉक्टर ओयुनबाईंनी स्टिअरिंगच्या वर कागद चिकटवला: कूलंट काढू नये, दोन वर्षांनी बदलावे. त्याच महिन्यात मागसर नावाचा सव्वीस वर्षांचा ड्रायव्हरही रुजू झाला. वरून हुकूम असा होता की वसंतापासून एकच ड्रायव्हर ठेवायचा. कोण, ते हिवाळा बघून बाईंनी लिहून कळवायचं. मागसरने तेवढ्या भरवशावर बायकोला आणून गावाच्या कडेला घरासाठी कुंपणही घालून घेतलं.

गोंगोरदादाने कागद वाचला, मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी आपल्या अंगणात जीपखाली शिरला. मी त्याला कागदाची आठवण करून दिली.

"कागद ओयुनने लिहिलाय," तो खालूनच म्हणाला. "थंडीने वाचलाय का?"

निळं पाणी बादलीत उतरलं. दुलमाने ती बादली घरात ठेवू दिली नाही. ते गोड असतं, कुत्र्याने चाटलं तर कुत्रं जातं, आणि चहाच्या किटलीशेजारी आपण विष ठेवणार नाही, असं तिने साफ सांगितलं. म्हणून बादली माझ्याकडे आली. मी दवाखान्याच्या भट्टीत कोळसा टाकणारा माणूस. माझी भट्टी रात्रभर गरम. रोज संध्याकाळी तो झाकण घातलेली बादली तिथे ठेवायचा आणि उजाडायच्या आत घेऊन जायचा, एखादं कोकरू ठेवून न्यावं तसा.

रोज थोडं सांडायचंच. थोडं बर्फावर, थोडं बाहीवर, थोडं बादलीच्या तळाशी. जितकं कमी पडेल तितकं तो माझ्या भट्टीच्या नळाचं गरम पाणी ओतून भरून घ्यायचा. पेलाभर, कधी दोन. हिवाळा अर्धा सरला तेव्हा बादलीतला रंग खूपदा धुतलेल्या सदऱ्यासारखा झाला होता. मला ते दिसत होतं. पण त्याच्याजवळ चौतीस हिवाळे होते आणि माझ्याजवळ फावडं. मी म्हटलं, त्याला कळत असणार.

मागसर मात्र गप्प बसणारा नव्हता. एका सकाळी त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काका, झोपताना जीपला बाटलीने दूधही पाजता का हो?"

"पाजतो," गोंगोरदादा म्हणाला. "तुला हवं असेल तर तिच्या मागे रांगेत उभा राहा."

पांढऱ्या महिन्याचा सण आला. आमचं नवं वर्ष. गोंगोरदादाला थोरल्या भावाच्या पाया पडायला पलीकडच्या खोऱ्यात दोन दिवस जायचं होतं. जाताना त्याने मागसरला रात्री पाणी काढायला बजावलं. मागसर अदबीने हो म्हणाला, आणि कागदावर लिहिलं होतं तसंच वागला. त्या रात्री पारा उणे एक्केचाळीसवर उतरला. सकाळी मेंढपाळांच्या हिवाळी तळावरून एका बाईला कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि जीपजवळ जाऊन बघतात तर रेडिएटर वरपासून खालपर्यंत उकललेला, भेगेतून बर्फ बाहेर आलेला. शाळेतल्या मास्तरांची गाडी धावली. मुलगी वाटेतच जन्मली, धडधाकट. तिची आई सोडून सगळे घाबरले होते.

तिसऱ्या दिवशी गावचे प्रमुख दामिरान सणाचा रेशमी अंगरखा घालून डॉक्टरांच्या खोलीत येऊन बसले. गोंगोरदादा सकाळीच परतला होता. त्याला मानाच्या जागी बसवलं. मागसर दाराशी उभा राहिला आणि म्हणाला की आपण कागद पाळला.

"कागद पाळलास आणि वडीलधाऱ्याचा शब्द मोडलास," दामिरान म्हणाले. त्यांनी ओयुनबाईंना लिहायला सांगितलं की गोंगोरला कायम करावं आणि या पोराला परत पाठवावं. मागसरने पाळला तो कागद बाईंचाच होता, त्यामुळे त्या वर न बघता लिहू लागल्या. मग दामिराननी मला साक्षीला घेतलं. गोंगोर रोज पाणी काढायचा की नाही? मी म्हटलं, काढायचा. ते खरंच होतं. परत काय भरायचा ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गोंगोरदादाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"रोज काढायचो," तो म्हणाला, "आणि सांडलं त्याच्या जागी साधं पाणी भरायचो. चार महिने. त्यात कूलंट उरलंच नव्हतं. रेडिएटर मी फोडला. पोरगा फक्त त्या रात्री तिथे होता."

मग दामिरानचे डोळे भरून आले. याला म्हणतात मोठं मन, ते म्हणाले, दुसऱ्याच्या पोराची चूक हा माणूस स्वतःच्या अंगावर घेतो आहे. त्यांनी अंगरख्याच्या आतून तपकिरीची बाटली काढून मानाने त्याच्यापुढे धरली. गोंगोरदादाने पुन्हा सांगितलं. मन आणखी मोठं झालं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा दामिरान म्हणाले की असा माणूस आपल्या गावात आहे हे जिल्ह्याला कळवलं पाहिजे.

तेव्हा तो उठला. जीपबरोबर आलेला कूलंटचा सील न फोडलेला डबा काढला आणि एका वाडग्यात ओतलं. रेडिएटरच्या भेगेतून बर्फ खरवडून आणला, चुलीवर वितळवला आणि दुसऱ्या वाडग्यात ओतला. दोन्ही वाडगे खिडकीबाहेर ठेवले आणि परत येऊन बसला. आम्ही चहा प्यायलो. एवढा लांब चहा मी आयुष्यात प्यायलेलो नाही. तिसऱ्या वाटीनंतर ओयुनबाई बाहेर गेल्या आणि वाडगे आत घेऊन आल्या. निळं हेलकावत होतं. दुसरा वाडगा त्यांनी टेबलावर उपडा धरला. काही पडलं नाही.

दामिराननी बाटली परत अंगरख्यात ठेवली. थंडीच फार होती, ते म्हणाले. ते सगळ्यांनाच मान्य झालं.

बाईंनी लिहिलेला कागद फाडला आणि कोरा घेतला. गोंगोरदादाने जीपची किल्ली मागसरपुढे टेबलावर ठेवली.

"इंजिनाची तोटी नीट बसत नाही," तो म्हणाला. "नवं कूलंट भरण्याआधी ती बदल. आणि भरताना इंजिन चालू ठेव, झाकण उघडं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. घाई करू नकोस."

"काका," मागसर म्हणाला, आणि त्याने किल्ली दोन्ही हातांनी उचलली.

गोंगोरदादा टोपी घालून बाहेर पडला. घर जवळ होतं, तरी तो शाळेच्या बाजूने, लांबच्या वाटेने निघाला, हात मागे बांधून, पावलागणिक बर्फ करकर वाजवत. ओयुनबाई खिडकीत उभ्या होत्या. मागसर पायरीवर, मुठीत किल्ली घेऊन. दुलमा घराच्या कुंपणाशी येऊन थांबली होती. मी भट्टीच्या दारात होतो, आणि शाळेच्या भिंतीआड त्याची टोपी दिसेनाशी होईपर्यंत तिथून हललो नाही.