भाचीचे पाय

बाळापूरजवळच्या उत्तमरावांची रागिणी कोचीला शिकायला गेली. तिथं तिन्हीत्रिकाळ भात, असं कळल्यावर आईनं ठेचा अन् कुरड्या बांधून दिल्या. भाताचं काही अवघड गेलं नाही. पण वर्गातल्या पुण्याच्या पोरीनं तिच्या 'मले-तुले'ची नक्कल केली अन् सगळ्या हसल्या. रागिणीही हसली. दिवाळीत घरी आली तेव्हा आईशीसुद्धा 'मला-तुला' बोलून राहिली होती. वाढता वाढता आईचा हात जरासा थांबला.

तिचा मामा पुंजाराम मोर्शीकडचा, संत्र्याच्या बागेचा मालक. आमच्या वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो. मामा म्हातारा असो, भाची पाळण्यात असो, वाकायचं मामानंच. लहानपणी मामा दिसला की रागिणी पाय पुढे करून उभी राहायची. त्यानं वाकायला उशीर केला की भोकाड पसरायची.

यंदा फेब्रुवारीत पुंजारामचा माल कोचीला निघाला. भाचीला भेटणं होईल म्हणून तोही ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला बसला. चुरगळलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात संत्र्यांची थैली, असा तो होस्टेलच्या फाटकाशी पोचला. रागिणी मैत्रिणींसोबत उभी होती. त्यानं थैली खाली ठेवली, चपला काढल्या अन् सवयीनं वाकला.

तिनं पाय मागे घेतले. मामाचा हात फरशीला लागला.

हा कोण, असं मैत्रिणींनी विचारलं. रागिणी हिंदीत म्हणाली, "हमारे बगीचे में काम करते हैं."

वऱ्हाडातल्या माणसाला हिंदी कळत नाही, असं या पोरीला कावून वाटलं कोण जाणे. आमचा अर्धा बाजार हिंदीत चालतो. पुंजाराम उठला, थैली एका मैत्रिणीच्या हातात दिली.

"येतो बाईसाहेब," म्हणाला. गड्यानं म्हणावं तसंच.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. उलट, पोरगी मजेत आहे, वाळली नाही, असं बहिणीला सांगितलं. आईनं ते फोनवर कौतुकानं ऐकवलं, तेव्हा रागिणीनं ताट बाजूला सारलं. मामाला फोन लावायचं रोज ठरवायची अन् राहू द्यायची.

मे महिन्यात मामेभाऊ अंकुरचं लग्न निघालं. मांडवात भाच्या ओळीनं पाटावर बसल्या. पुंजाराम परात घेऊन एकेकीचे पाय धूत, कुंकू लावत, कपाळ टेकवत पुढे सरकत होता. रागिणीनं पाय आधीच पुढे काढून ठेवले होते. तिच्यासमोर येऊन तो थांबला. मांडवभर नजर फिरवली.

"तुह्या कॉलेजातलं कोणी आलं नाही नं?" त्यानं हळूच विचारलं. "मंग चालन नं बाई?"

टोमणा नव्हता तो. तो खरंच विचारत होता. रागिणीनं मान हलवली. त्यानं पाय धुतले, कपाळ टेकवलं अन् पुढच्या भाचीकडे सरकला.

पंगत बसली. मामीनं दोनदा हाक मारली, तरी ही पाटावरच.

"पाय ओले हायेत मामी," ती खाली मान घालून घरच्याच बोलीत म्हणाली. "वाळले का येतो."

पाय केव्हाचे वाळले होते.