हिरव्यावर हिरवा ठिपका

मी पिंपरी पेंढारची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. झरा म्हणजे काय ते मला आहुप्याकडच्या एका वाडीतल्या मावशींनी शिकवलं. दोन उन्हाळे त्या पुढे आणि मी मागे, जीपीएस घेऊन धापा टाकत. कुठला झरा कधी आटतो, त्यांना सगळं तोंडपाठ. मी घरी येऊन ते कॉम्प्युटरवरच्या नकाशात भरायचे.

मावशींची अट एकच होती. "देवराईतला झरा तेवढा दाखवू नको, बाय. मे महिन्यात बाकीचे समदे आटत्यात, तवा आमी त्याच्यावरच जगतो. रविवारची पावणं तिथं पाय धुवाया बसली, तर आमी प्यायचं काय?"

मी शब्द दिला. पण मी पडले टापटिपीची! नकाशामागच्या झऱ्यांच्या यादीतली एखादी ओळ गाळायची म्हणजे माझ्या अगदी जिवावर येतं. म्हणून झरा पुसला नाही, त्याच्या ठिपक्याला देवराईचाच हिरवा रंग दिला. नकाशा छापून भिंगातून पाहिला तरी ठिपका दिसेना. स्वतःच्या हुशारीवर भलती खूश झाले.

मग ठरलं, नकाशा वेबवर चढवायचा, कुणालाही मोबाइलवर उघडता आला पाहिजे. नकाशाच्या प्रोग्रॅमला त्यासाठीचं एक प्लगइन जोडलं, बटण दाबलं आणि माझा नकाशा ब्राउझरमध्ये चक्क हलायला लागला. बोटानं ढकलला की अख्खा आंबेगाव तालुका सरकायचा. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. लिंक पहिल्यांदा मावशींनाच दाखवायची म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली.

मावशींना वाचता येत नाही, पण ओढे आणि पायवाटा धरून माझ्या मोबाइलवर त्यांचं बोट बरोबर चाललं. चालता चालता ते कोपऱ्यातल्या, नकाशाचे थर दाखवायच्या-लपवायच्या बटणावर पडलं आणि देवराईचा हिरवा थरच बंद झाला. खाली उरला उपग्रहाचा करडा फोटो आणि त्यावर एकटाच हिरवा ठिपका. मावशींनी त्यावर बोट ठेवलं. चौकट उघडली.

"काय लिवलंय?"

यादीत प्रत्येक झऱ्यापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतःपुरती टिपणं ठेवली होती. वेबवर ती अशी बाहेर येतील हे ध्यानातच आलं नव्हतं. वाचावं लागलं, "देवराईतला झरा. मेमध्येही पाणी. दाखवायचा नाही, मावशींना शब्द दिलाय."

लाजेनं माझी मान वर होईना.

"झरा दाखवलास ते दाखवलास, शब्द दिल्याचं बी छापलंस व्हय गं?" आणि मावशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "आता पूस."

मावशींच्या ओट्यावर रेंज येते, तिथंच लॅपटॉप घेऊन बसले. या वेळी रंगबिंग नाही, ओळच उडवली. नकाशा पुन्हा चढवला, सगळे थर दहादा उघडझाप करून पाहिले. मग कुठे लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली.

मे महिन्यातल्या एका रविवारी पुन्हा गेले, तर मावशींच्या ओट्यावर दोन पाहुणे मोबाइल घेऊन बसलेले. "मावशी, देवराईत झरा आहे असं ऐकलं होतं. या नकाशात तर दिसत नाही."

मावशींनी मोबाइल हातात घेतला, वाचता येत असल्यासारखा निरखला आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईनं दोन उन्हाळं हिंडून केलाय नकाशा. त्यात न्हाई ना? मंग न्हाई."

आणि आत जाऊन पाहुण्यांसाठी तांब्याभर गार पाणी घेऊन आल्या. त्याच झऱ्याचं.