भाऊजींचं नवं इंजिन

नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि तिसऱ्याच आठवड्यात तिनं लेथचं दुकान पुन्हा उघडलं. गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "मालक कधी येणार?" ती म्हणायची, "मालक खुर्चीत बसलेत. काम माझ्याकडे द्या."

वीस वर्षं ती त्याच्या हाताखाली राबली होती. कुठलं हत्यार कधी लागणार हे तिला न सांगता कळायचं. पण स्वतः मशिनवर उभं राहायचं म्हणजे काय, ते पहिल्या महिन्यातच तिच्या कंबरेला कळून चुकलं. त्याला आता सहा वर्षं झाली होती. लोक तिला लेथवाल्या बाई म्हणायचे, आणि दुपार कलली की तिचे गुडघे कुरकुरायला लागायचे.

अशात एक दिवस धाकटे दीर आले. सासऱ्यांचा ट्रॅक्टर त्यांच्या वाट्याला आला होता. पन्नाशी उलटलेलं ते धूड, मूळ रंग कुठला होता यावर घरात एकमत नव्हतं. टेकाडावरच्या जमिनीत नांगर लावला की अर्ध्या चढावर धापा टाकायचं.

"वहिनी, एका मोडक्या टेम्पोचं इंजिन मिळालंय. दुप्पट ताकदीचं. तेवढं बसवून द्या."

"तेवढं? भाऊजी, या ट्रॅक्टरला खाली चॅसी नाही. इंजिन हाच त्याचा कणा. टेम्पोचं इंजिन तो भार घेणार नाही, दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनल टाकावे लागतील. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बसणार नाहीत, मध्ये जाड प्लेट कापावी लागेल."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"त्यापेक्षा नवा घ्या ना."

"बाबांचा आहे हो."

सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांची सेवा काही संपत नव्हती.

ट्रॅक्टर दुकानात आला. जुनं इंजिन चेन-पुलीला टांगून उतरवलं. गिअरबॉक्सच्या तोंडावर बोल्टांची भोकं होती, त्यांची मापं घेऊन तिनं प्लेट आखायला घेतली. नवरा दाराशी खुर्चीत बसून बघत होता. झटक्यानंतर त्याच्या तोंडून शब्द अर्धे-मुर्धेच यायचे. मध्येच तो म्हणाला, "शर्ट."

तिनं हातातलं काम ठेवलं, हात धुतले, त्याचा शर्ट बदलला. तासाभरानं पुन्हा, "शर्ट." हा तर धुतलेलाच होता, तरी तिनं बदलला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र तिचा तोल गेला. "अहो, दिवसाला किती शर्ट लागतात तुम्हाला? मी काय काय करू?" तो रस्त्याकडे बघत बसला.

आठव्या दिवशी इंजिन चढलं. भाऊजींनी चावी फिरवली, इंजिन एका झटक्यात सुरू झालं, आणि त्यांचा चेहरा खुलला. पण क्लच दाबून गिअर टाकायला गेले तर खडी भरडल्यासारखा आवाज. गिअरचा दांडा हातात थरथरत होता. दोनदा, तीनदा, तेच.

"बंद करा," ती म्हणाली. "उद्या खोलते."

सगळं पुन्हा खोलायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. सकाळी एकटीनंच बोल्ट काढले, इंजिन पुढं ओढलं आणि गिअरबॉक्समधून इंजिनात जाणारा फिरता दांडा निरखला. "शाफ्ट एका अंगानं घासलाय," ती स्वतःशीच पुटपुटली.

मागं खुर्चीच्या हातावर धाडकन थाप पडली. "शर्ट! शर्ट!"

ती वळली. त्याचा डावा हात शाफ्टकडे रोखलेला होता.

"शाफ्ट म्हणत होतात?"

त्यानं मान हलवली आणि एवढा मोठा सुस्कारा टाकला, की ती पाना हातात घेऊन तशीच जमिनीवर बसली.

"पहिल्या दिवसापासून तुम्ही मला शाफ्ट सांगताय," ती म्हणाली, "आणि मी तुमचे शर्ट धुतेय."

त्याच्या तोंडाची एक बाजू हसली. मग तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे कधी भरून आले ते तिला कळलं नाही.

इतक्या वर्षांत बोल्टांची भोकं झिजून लांबट झाली होती, त्यांच्यावर विसंबून धरलेला मध्य चुकणारच. माप शाफ्टवरूनच घ्यायला हवं होतं. तिनं नवी प्लेट कापली. त्याची खुर्ची इंजिनाशेजारी ओढली, फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, डायल गेज बांधलं; मध्य केसभर चुकला तरी त्याची सुई हलते. ती चाक हातानं हळूहळू फिरवायची, तो सुईवर नजर ठेवायचा. सुई हलली की म्हणायचा, "नाही." दोन दिवस तो एवढंच म्हणत होता. तिचे खांदे भरून आले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सुई जागची हलली नाही, आणि तो काहीच बोलला नाही.

या खेपेला गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. भाऊजी तिच्या पाया पडायला वाकले. ती म्हणाली, "आधी चढ चढवून या."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "वहिनी, चढतो! पण नांगर लावला की पुढची चाकं उचलली जातात."

"ताकद वाढली, तर उचलणारच. पुढं वजन लावा."

"कसलं वजन?"

"घरात रिकामं कोण आहे? त्यालाच बसवा पुढं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. भंगारातले लोखंडी ठोकळे शोधून द्यावे लागणारच होते, पण आज नाही.

दुकानातल्या बाकावर ती जरा टेकली, आणि टेकली ती आडवीच झाली. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक तुटलेला पंपाचा दांडा घेऊन दारात आलं आणि हाक मारणार, तेवढ्यात खुर्चीतल्या मालकानं डावा हात वर करून त्याला थांबवलं.

"उद्या," तो म्हणाला. शब्द अगदी स्पष्ट आला.