एकादशीचा कीस

भित्री म्हणून मला घरात सगळे चिडवतात. चिडवू देत! बाजारातून आणलेली काकडीसुद्धा मी आधी टोकाचा काप चाखल्याशिवाय चिरत नाही, आणि अनोळखी भाजी घरात आली की चार जणींना विचारल्याशिवाय मी तिला हात लावत नाही. ही भीती कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. आमच्याच परसात उगवली ती. आईनं हातानं लावलेली, आणि चांगली बाबांच्या डोक्याच्या वर गेलेली.

ही गोष्ट साठ साल उजाडायच्या आधीची. बाबांना बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडून इथे आलो होतो. क्वार्टरला दोन खोल्या आणि मागे परस. परस म्हणजे काय, दोन बाजा शेजारी टाकल्या तर तुळशीला जागा उरू नये एवढं! पण आईनं त्या तांबड्या मातीतून घरची निम्मी भाजी काढली. बियाण्याला तिनं कधी पैसा मोडला नाही. मसाल्याच्या डब्यातले धणे चपलेखाली रगडून पेरायची. पिकून गळायला आलेला टोमॅटो राखेत चोळून त्याच्या बिया वाळवायची. पुदिन्याची पानं खुडून झाली की उरलेल्या काड्या मातीत. तांदूळ धुतलेलं पाणी अळवाला, भांडी विसळलेलं दुधीच्या आळ्यात. एक दुधी ती वेलावरच जून होऊ द्यायची, पुढच्या वर्षीच्या बियांसाठी, आणि त्याला कुणी हात लावला तर पाठीत धपाटा बसायचा.

मला त्या परसाची आधीपासूनच धास्ती होती. दोडक्याच्या मांडवाखाली एकदा सापाची कात सापडली होती. त्यानंतर मला भाजी खुडायला पाठवलं की मी आधी पाय आपटायची, मग देवाचं नाव घ्यायची आणि मग पानांत हात घालायची. आई हसायची. "अगं, तो तुला बघून पळेल," म्हणायची.

शेजारच्या क्वार्टरमध्ये अक्का राहायच्या. त्या मूळच्या चामराजपेटच्या, घर मराठीच, पण किती पिढ्या इथे गेलेल्या. मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरायच्या ते त्यांनाही कळायचं नाही. आईला त्यांच्या बोलण्याची गंमत वाटायची. त्यांची पाठ वळली की ती त्यांच्या नकलाही करायची. त्याच अक्कांनी एका पावसाळ्यात कुंपणावरून आईच्या हातात अंगठ्याएवढ्या जाड चार-पाच काड्या ठेवल्या.

"वैनी, हे मरगेणसु, झाडाचं रताळं म्हणा. काडी रोवायची, झालं. पाणी पण स्वल्पच. खाली ही अशी मुळं धरतील, हाताएवढी. काढाल तेव्हा मला हाक मारा, सरी? कसं शिजवायचं ते मी दाखवते."

"सरी, सरी," आई हसत म्हणाली. फुकट ते सगळं तिला प्रिय होतं.

काड्यांना फांद्या फुटल्या. पंज्यासारखी पानं आली. आणि एके दिवशी बाबांनी कारखान्यातून बातमी आणली. त्यांच्या विभागात सेलमकडचे एक गृहस्थ होते, त्यांनी सांगितलं होतं, की आपला साबुदाणा याच मुळांचा करतात.

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! म्हणजे हे उपासाला चालतं! आणि मी वेडी वाण्याकडून साबुदाणा आणतेय."

झालं. त्या दिवसापासून आई एकादशीची वाट बघायला लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत चैत्रातली एकादशी आली तेव्हा अक्का माहेरी चामराजपेटला गेल्या होत्या. मी आईला आठवण करून दिली की अक्का दाखवणार होत्या. "त्या काय दाखवणार?" आई म्हणाली. "रताळ्याचा कीस मी जन्मभर करतेय. साबुदाणा चालतो तर मूळ का नाही चालणार?"

तिनं मुळं उपटली. बटाट्याची काढावी तशी पातळ, अगदी कागदासारखी साल काढली, कारण जाड साल काढणारी बाई तिच्या लेखी उधळी. किसणीवर किसलं. किसाला दुधासारखं पाणी सुटलं, तेही तिनं फेकलं नाही. सत्त्व कशाला घालवायचं? तुपात जिरं, मिरची, वर कीस. घट्ट झाकण ठेवून छान वाफ काढली आणि दाण्याचं कूट घातलं. वास असा सुटला की धाकटी बहीण चुलीपासून हलेना. ती तेव्हा चार वर्षांची होती.

आईनं चव बघितली नाही. नैवेद्याच्या आधी आमच्या घरात कुणी चव घेत नसे. नैवेद्य दाखवून तिनं आम्हाला वाट्या भरून दिल्या. स्वतः ती दुपारी एकदाच खायची. त्याआधी कण जरी तोंडात गेला तरी उपास मोडला म्हणायची. बाबा उपास करत नसत, ते कँटीनमध्ये जेवायचे.

"आई, कडू लागतंय," मी म्हटलं.

"दाणा खवट आला असेल एखादा. नखरे नकोत."

मी अर्धी वाटी कशीबशी गिळली. बहिणीला कूट आवडायचं, तिनं वाटी चाटून पुसून दुसऱ्यांदा मागितलं. आईनं कौतुकानं वाढलं.

दुपार व्हायच्या आत बहीण उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, घर फिरतंय." आई हसली. मग बहिणीला उलटी झाली. मग पुन्हा. मग ती आईच्या मांडीवर आडवी झाली आणि तिची छाती भराभरा वरखाली व्हायला लागली. हात गार, ओठ पांढरे. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. तोंडावर पाणी मारलं. बहीण डोळे उघडायची, पण आमच्याकडे बघायची नाही.

मी दाराला टेकून उभी होते आणि माझंही तोंड पाण्यानं भरून येत होतं. कानात गुंई आवाज येत होता. मला वाटलं, आता माझी पाळी. मी बोलले नाही. आईचे दोन्ही हात बहिणीला धरून होते, आणि मी बोलले असते तर त्यातला एक तिला सोडावा लागला असता. खरं सांगते, इतकी भीती मला पुढे बाळंतपणात वाटली नाही की ऑपरेशनच्या टेबलावर वाटली नाही.

तेवढ्यात बाहेर घोड्याचा जटका थांबल्याचा आवाज आला. अक्का माहेरून परतल्या होत्या. आईचा आवाज ऐकून त्या पिशवी हातात घेऊनच धावत आत आल्या. बहिणीकडे बघितलं, मग चुलीजवळ पडलेल्या पातळ सालींकडे, मग कढईवरच्या झाकणाकडे.

"अय्यो देवरे! झाकून शिजवलंत? पाणी ओतून नाही टाकलं? वैनी, विष असतंय त्यात!"

आईला ते ऐकूनही कळलं नाही. "साबुदाणा आहे हो तो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. अक्कांनी बहिणीला तिच्या हातातून उचललं आणि जटकावाल्याला थांब म्हणून कानडीत ओरडत बाहेर पळाल्या. आई अनवाणी मागे. मी आईच्या मागे.

जटक्यात आईनं अक्कांचा दंड धरला. "जगेल ना हो? अक्का, जगेल ना माझी पोर?" अक्का घोड्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्यांनाही माहीत नाही, हे मला कळलं. मी फळीला घट्ट धरून बसले होते. रस्त्याकडेची गुलमोहराची झाडं वाकडी होऊन मागे जात होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी बहिणीच्या घशात नळी घालून पोट धुतलं, सुई टोचली. तिची किंकाळी निघाली तेव्हा अक्का पुटपुटल्या, "रडू दे, रडू दे, चांगलं आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू पण खाल्लंस?"

मी मान हलवली. आईनं माझ्याकडे बघितलं. मी आहे हे तिला तेव्हाच आठवलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. तिनं मला ओढून पोटाशी इतकं आवळलं की डॉक्टरांना मला सोडवून घ्यावं लागलं. मग माझीही नळी झाली.

कारखान्याचा भोंगा होऊन बाबा धावत आले तेव्हा बहीण झोपली होती. ती झोपलीच आहे ना, हे बघायला आई दर घडीला तिच्या नाकाशी बोट धरत होती. दिवे लागायच्या सुमारास बहिणीनं डोळे उघडले, सरळ आईकडे बघितलं आणि पाणी मागितलं. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आईनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

घरी आल्यावर आई ती सगळी झाडं उपटून जाळायला निघाली. अक्कांनी तिचा हात धरला. "झाडाची काय चूक? माझीच चूक, मी आधी सांगायला हवं होतं. आम्ही लहानपणापासून खातोय. पद्धत शिका." आई हो म्हणाली नाही. पण जमिनीत चांगलं अन्न आहे आणि आपण ते कुजू देतोय, हे तिला सोसणारं नव्हतं. काही आठवड्यांनी तिनंच अक्कांना हाक मारली.

अक्कांनी साल जाड काढायला लावली, आतली दोरीसारखी शीर काढायला लावली. तुकडे भिजत ठेवले. मग उघड्या पातेल्यात उकळले, पाणी ओतून दिलं, पुन्हा उकळले. मीठ-मोहरीची फोडणी दिली आणि त्या आपल्या घरी गेल्या.

आईनं आमचे पाट मांडले, पण ताटं रिकामी ठेवली. देवापुढे नैवेद्याचं ताट नव्हतं. पातेलं पुढ्यात घेऊन ती आमच्यासमोर बसली आणि तिनं एक तुकडा उचलला. देवाच्याही आधी!

"मी खाते," ती म्हणाली. "तुम्ही बसून बघा. मला काही झालं नाही, तरच तुम्हाला."

बहीण पाटावरून उठली, धावत गेली आणि तिनं दोन्ही हातांनी आईचं तोंड दाबून धरलं. "नको ना! तू नको खाऊस. घर फिरतं."

आईनं तिचे हात हळूच बाजूला केले, तिला मांडीवर घेतलं आणि तुकडा तोंडात घातला. मी जाऊन आईचा पदर धरला. ती चावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आई, बोल ना," बहीण म्हणाली. "बोलत राहा."

मग आई बोलायला लागली. पाऊस आला की दोडका कुठे लावायचा, मांडव या वेळी कुठल्या भिंतीला टेकवायचा, वालाच्या बिया कुठल्या डब्यात ठेवल्यात, असं काहीबाही ती एकेक तुकडा गिळत सांगत राहिली. आणि ती मध्येच थांबली तर काय, या भीतीनं आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसलो.