माझ्याकडे तर चालतंय

रत्नागिरीत मांडवीजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला होते. सकाळची पहिली बॅच येईपर्यंत क्लासचा फोन मोकळा असायचा, तेवढ्या वेळात त्या लाइनवरून इंटरनेट वापरायला क्लास चालवणाऱ्या सरांची परवानगी होती.

जगभरातली हौशी माणसं मिळून एक मुक्त संगणकप्रणाली चालवत. तिच्यातली पॅकेजेस, म्हणजे लहानमोठे प्रोग्रॅम, कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर पुन्हा पुन्हा मूळ कोडपासून तयार, म्हणजे बिल्ड, होत. बिल्ड फसला की वेबपानावर लाल ओळ उमटे. तो का फसला ते शोधायचं आणि पॅकेज सांभाळणाऱ्याला कळवायचं, हे माझं बिनपगारी काम. बरोबर दुरुस्तीही पाठवायची, असा माझा शिरस्ता.

मराठी टायपिंगचं एक पॅकेज पुण्यातला एक इंजिनीअर सांभाळायचा. त्या पॅकेजला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे आधीच लिहिलेला तयार कोड, त्यानं गरजेच्या यादीत नोंदवलीच नव्हती. त्याच्या मशीनवर ती आधीपासून होती, सर्व्हरवर नव्हती. हे कळायच्या आधी मी नुसतं कळवलं, "बिल्ड फसतोय, कारण शोधते."

त्याचं उत्तर सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर आलं. "माझ्याकडे तर चालतंय. रत्नागिरीच्या मॅडमनी आधी स्वतःचं मशीन तपासावं. आंबा पडला असेल त्याच्यावर."

खाली चारपाच जणांचे हसरे चेहरे.

बिल्ड फसण्याचं कारण मला त्याच सकाळी सापडलं, दुरुस्ती एका ओळीची होती. ती मी पाठवली नाही.

त्यानंतर क्लास उघडला की मी आधी त्याचं पॅकेज बघायची. फसलेलं दिसलं की तक्रार, अगदी नम्र भाषेत. तो "माझ्याकडे चालतंय" म्हणून ती बंद करायचा, मी पुन्हा उघडायची. बाकी सगळ्यांना मी दुरुस्त्या पाठवत होते. त्याला फक्त लाल ओळ.

प्रणालीची नवीन आवृत्ती निघायच्या वेळी बिल्ड न होणारी पॅकेजेस गाळतात. त्याचं गळलं. आपलं पॅकेज नव्या आवृत्तीत येणार, असं त्यानं म्हणे ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

दोन दिवसांनी क्लासात त्याचा फोन आला.

"मॅडम, कारण तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"माझं मशीन तपासत होते."

मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "काय होतं ते?" मी लायब्ररीचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. आतून असं गार वाटत होतं की काय सांगू.

दुपारी घरी गेले तर आई मागल्या दारी बांगडे साफ करत बसलेली. तिला कॉम्प्युटरातलं काही कळत नव्हतं, पण अपमान कळला होता.

"जिरली काय गो त्याची?"

"जिरली."

"बरां झालां," म्हणाली आणि पुढचा बांगडा घेतला.

पुढच्या आवृत्तीत त्याचं पॅकेज परत आलं. मी त्यावर लक्ष ठेवूनच होते. पुन्हा ते कधी फसलं नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.