बटाट्याचं जॅकेट

नवा ओव्हन बसवून सव्वा तास झाला होता. रानडे काकूंनी चिमट्याने बटाटा बाहेर काढला, फॉइल सोडवलं आणि चाकू घातला. साल ओली, सुरकुतलेली. आतला गर चिकट, चाकूला धरून बसलेला. गेल्या आठवड्यात जुन्या ओव्हनमधून जसा निघाला होता, अगदी तसाच.

काकूंनी तोच कालवून, लोणी घालून काकांसमोर ठेवला. काकांनी डाव्या हाताने ताटली बाजूला सारली.

"जॅकेट नाही," ते म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "बघ. रोज हेच म्हणतात."

मी भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी आणि सर्व्हिस बघते. आम्ही ओटीजी बनवतो, म्हणजे टेबलावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन. वर दोन रॉड, खाली दोन रॉड, मध्ये जाळी. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. रॉड गेला, काच तडकली, टायमर अडकला. 'बटाटा होत नाही' ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली होती.

रानडे काका बरखेड्याच्या मोठ्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. आता दोघं कोलार रोडवर फ्लॅटमध्ये राहतात. दिवाळीनंतर काकांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं आणि जेवण जवळजवळ बंद झालं. गिळता येत होतं, पण खायचं नव्हतं. वरणभात नको, खिचडी नको. डॉक्टर म्हणाले, जे मागतील ते द्या, पण पोटात जाऊ द्या. एक दिवस काकांनी मागितलं ते हे, जॅकेट पोटॅटो, म्हणजे ओव्हनमध्ये अख्खा भाजलेला बटाटा. तरुणपणी कंपनीने त्यांना सहा महिने ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं होतं, तिथल्या कँटीनमध्ये ते रोज खायचे. काकूंनी तो पदार्थ कधी पाहिला नव्हता. मीही नाही. आमचं घर नागपूरचं, वडिलांच्या ऑफिसबरोबर भोपाळला आलेलं. आमच्या घरी बटाटा म्हणजे भाजी.

पहिल्या व्हिजिटला काकू म्हणाल्या, "अगं, हा मध्येच बंद पडतो. लाल दिवा विझतो."

तो विझायलाच हवा. आत ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, थंड व्हायला लागलं की पुन्हा चालू करतो. हे मी त्यांना समजावलं. मग थर्मोकपल लावलं. दोन धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या असतात. ते टोक जिथे ठेवाल तिथलं तापमान मीटरवर दिसतं. बटण दोनशेवर, मीटर एकशे पंच्याण्णव ते दोनशे पाचच्या मध्ये. उत्तम. व्होल्टेज कमी असेल म्हणून तेही मोजलं. थोडं कमी होतं, पण त्याने तापायला वेळ लागेल, बटाटा चिकट होणार नाही.

मला काहीच कळेना. तिवारी सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन केला.

"सर, ओवन एकदम ठीक है।"

"तो आलू क्यों नहीं बन रहा?"

"पता नहीं सर."

"बदल दो. डीलर नाराज़ है, कह रहा है ये मॉडल दुकान में रखूँगा ही नहीं।"

म्हणून बदलला. आणि दुसऱ्या ओव्हनचं काय झालं ते वर सांगितलंच.

आता एकच गोष्ट उरली होती, खुद्द बटाटा. काकूंकडचे चार बटाटे मी पिशवीत घालून कारखान्यात नेले आणि टेस्टिंगच्या ओव्हनमध्ये तसेच जाळीवर ठेवले. साल कुरकुरीत झाली, पण गर पुन्हा चिकटच. माझं सगळं लक्ष गराकडे होतं. सालीकडे मी पाहिलं आणि विसरून गेले. अर्धं उत्तर त्या दिवशी माझ्या हातात होतं, ते मी डस्टबिनमध्ये टाकलं.

घरी जाताना भाजीवाल्याला विचारलं. त्याने बटाटा हातात घेऊन अंगठ्याने साल चोळली, ती लगेच निघाली.

"मैडम, ये नया आलू है, सब्ज़ी का. इसमें पानी ज़्यादा. आपको चिप्स वाला चाहिए, सूखा, भुरभुरा।"

मी चिप्सवाल्यांतले मोठे मोठे बघून दोन किलो घेतले आणि दुसऱ्या दिवशी कोलार रोडला गेले. तिसरी व्हिजिट.

काकूंनी बटाटा धुतला, फॉइलमध्ये गुंडाळला, ओव्हनमध्ये ठेवला. या वेळी गर पांढरा, मोकळा निघाला, काट्याने नुसता हलवला तरी सुटत होता. मला वाटलं, झालं. काकांनी एक चमचा खाल्ला. मग काट्याने साल उचलून पाहिली. ती ओल्या कागदासारखी लोंबत होती.

"जॅकेट नाही."

"अहो, आहे ना! एवढं गुंडाळलंय," काकू रडवेल्या झाल्या होत्या. "थांबा, अजून एक घालते."

आणि त्यांनी पुढच्या बटाट्याला फॉइलचे दोन थर घातले. मीही मदत केली, हे कबूल केलं पाहिजे. मोबाइलवर मी व्हिडिओ पाहिले होते. काही जण फॉइल लावत होते, काही जण नाही. जॅकेट म्हणजे वरून घातलेलं काहीतरी, हे आम्ही दोघी धरूनच चाललो होतो. त्यात काका जॅकेट नाही म्हणत होते, म्हणजे अजून हवं असणार.

दुहेरी फॉइलचा बटाटा आत ठेवतानाच जाळीच्या टोकाला अडकला होता. तिथे दोन्ही थर फाटले होते. उरलेली साल ओली होती, पण त्या रुपयाएवढ्या भोकातली तपकिरी, कडक, फुगलेली. मी तो तुकडा चाकूने काढून बाजूला ठेवत होते. काकांनी हात लांब केला, तो उचलला आणि तोंडात टाकला. कुरकुर आवाज आला.

"जॅकेट," ते म्हणाले. मग आमच्याकडे बघून पुन्हा, सावकाश, "हे. जॅकेट."

 मग काकू स्टुलावर बसल्या.

"म्हणजे मी महिनाभर जॅकेटवर रेनकोट घालत होते?"

काका हसले. अर्धाच चेहरा हसतो त्यांचा, पण हसले.

फॉइलमध्ये बटाट्याची वाफ आतच राहते. म्हणजे तो भाजला जात नाही, उकडला जातो. पुढचा बटाटा आम्ही धुऊन फडक्याने कोरडा पुसला, काट्याने सात-आठ ठिकाणी टोचला, कारण वाफेला वाट नसेल तर तो फुटू शकतो. तेलाचा हात आणि जाडं मीठ चोळलं. तापलेल्या ओव्हनमध्ये, दोनशेवर, थेट जाळीवर. सव्वा तासाने सळई लोण्यात जावी तशी आत गेली. बाहेर काढल्या काढल्या वरून फुली मारून तो उघडला, वाफ जाऊ दिली, लोणी घातलं. काकांनी आधी साल संपवली, मग गर. ताटलीत काही उरलं नाही. काकू हातात पदर धरून नुसत्या बघत होत्या.

संध्याकाळी रिपोर्ट भरला. फॉल्टच्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही'. तिवारी सरांनी कागद दोनदा वाचला.

"तीन विज़िट, एक नया ओवन, और फॉल्ट कुछ नहीं?"

"फॉल्ट दो थे सर. एक आलू में, एक फॉइल में. एक ठीक करते थे तो दूसरा बना रहता था, इसलिए लगता था कुछ ठीक नहीं हुआ।"

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "ठीक है. पर रिपोर्ट में आलू मत लिखना।"

काका आता आठवड्यातून दोनदा बटाटा खातात, अधूनमधून खिचडीही. उजवा हात अजून उठत नाही. आणि मी, मीटर काढण्याआधी, गिऱ्हाइकाला विचारते की तुम्ही हा जो शब्द वापरताय तो नेमका कशाला म्हणता, मला बोट ठेवून दाखवा.